तीनशे सातवी पिढी

आमच्या संस्थेत त्यांना सगळे अळीमावशी म्हणतात. अगदी तोंडावरसुद्धा. त्यांना त्याचं काही वाटत नाही, मला वाटतं. ज्यांना दोन अळ्यांमधला फरक धड सांगता येत नाही, त्यांनी अठ्ठावीस वर्षं अळ्या सांभाळणाऱ्या बाईला चिडवायचं म्हणजे काय! पण मला हल्ली बऱ्याच गोष्टींचा राग येतो, आणि त्यातला निम्मा माझा मलाच येतो.

मी संस्थेच्या प्रकाशन विभागात आहे. विभाग म्हणजे एक टेबल, एक संगणक, एक प्रिंटर आणि मी. वर्षाअखेरीस संस्थेचा वार्षिक अहवाल तयार करायचा हे माझं मुख्य काम. कुणी किती शोधनिबंध लिहिले, कोण कुठल्या परिषदेला जाऊन आलं, कुठलं यंत्र नवं घेतलं आणि त्याची फीत कुणी कापली. उरलेल्या वेळात परिपत्रकं टाइप करायची. मावशी मला 'लेखक' म्हणतात. "काय लेखक, यंदा काय काय घडलं म्हणे आपल्याकडे?" असं दरवर्षी मार्चमध्ये विचारायच्या आणि मी नुसता हसायचो. माझ्या चौदा अहवालांत त्यांचं नाव एकदाही आलेलं नाही. अहवालात नाव यायचं तर शोधनिबंध लागतो, आणि मावशींनी उभ्या आयुष्यात लिहिलं ते फक्त वाटीच्या झाकणावरच्या चिकटपट्टीवर.

त्यांची खोली नंबर बारा. मागच्या इमारतीत, तळमजल्याला, खिडकी नसलेली. भिंतींना मांडण्या, मांडण्यांवर ट्रे, ट्रेमध्ये झाकणाच्या छोट्या प्लॅस्टिकच्या वाट्या आणि प्रत्येक वाटीत एक अळी. एकच. शेंगा पोखरणाऱ्या या अळ्या एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खाऊन टाकतात. "आपल्या शास्त्रज्ञांना पण अशाच वाट्या करून द्यायला पाहिजेत," मावशी म्हणायच्या. सहाशे वाट्या. रोज सकाळी सहाशे झाकणं उघडायची, घाण काढायची, डाळीचं पीठ, यीस्ट आणि घट्टपणासाठी अगर-अगर शिजवून केलेल्या खाद्याचा ताजा तुकडा ठेवायचा, झाकण लावायचं. कोष झाले की ते वेगळे काढायचे. कोषातून पतंग बाहेर पडले की त्यांना जाळीच्या पिंजऱ्यात सोडायचं, मधाच्या पाण्यात भिजवलेला कापूस द्यायचा, वर पातळ कापड ताणायचं. माद्या त्या कापडावर अंडी घालतात. तिसऱ्या दिवशी अंड्यातून दोऱ्याच्या टोकाएवढ्या अळ्या निघतात, की पुन्हा वाट्या. अंड्यापासून अंड्यापर्यंत महिना-सव्वा महिना. असं करत करत गेल्या वर्षीच्या मेमध्ये पिढी चालू होती तीनशे सातवी.

एवढा खटाटोप कशासाठी, असं मला कुणी विचारलं तर मी दुकानातल्या वजनाचं उदाहरण देतो. बाहेर शेतांत वर्षानुवर्षं फवारणी होते आणि तिथली अळी हळूहळू औषधाला दाद देईनाशी होते. किती निबर झाली हे कळायचं तर जिच्या खापरपणजीलाही औषधाचा वास लागलेला नाही, अशी एक अळी शेजारी ठेवावी लागते. संस्थेतले जुने शास्त्रज्ञ, आमचे थोरले सर, तिला 'कोरी अळी' म्हणायचे. ते वजन खरं असेल तर बाकीचं मोजमाप खरं. देशभरातल्या प्रयोगशाळांना कोऱ्या अळीची अंडी लागली की ती खोली नंबर बारामधून जायची, आणि पाकिटावर सही असायची संचालकांची.

थोरल्या सरांनीच मावशींना या कामाला लावलं. तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या, बाटल्या धुवायला रोजंदारीवर आलेल्या. सरांनी तीन महिने बघितलं, की ही मुलगी बाटली धुतल्यावर नाकाशी धरून हुंगते आणि वास आला तर पुन्हा धुते. मग एके दिवशी बाराची किल्ली हातात दिली आणि म्हणाले, "यांना सुट्टी नसते, एवढं लक्षात ठेव." मावशींनी ते जरा जास्तच लक्षात ठेवलं. मुलीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी सात ते नऊ बाई वाट्या उघडत होत्या.

आणि घरी! अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या घरात डासांची वडी लागली नाही, झुरळांचं औषध आलं नाही. कपड्यांना वास लागेल, तो कपड्यांबरोबर बारामध्ये जाईल, म्हणून. भाजीसुद्धा घरात आणायच्या आधी बाहेरच्या नळावर धुवायच्या. त्यांचे यजमान घरी पंखे आणि मिक्सर दुरुस्त करतात. भला माणूस. "आमच्याकडे या एकदा," ते मला म्हणायचे, "आमच्या घरातली झुरळं बघा. पेन्शनीत निघालेली आहेत, पण जागा सोडत नाहीत." बायकोच्या अळ्यांना ते 'सवती' म्हणायचे, आणि रविवारी तिला स्कूटरवर बसवून संस्थेच्या फाटकापर्यंत सोडायचे.

आता त्या वर्षाचं सांगतो.

तीन वर्षांपूर्वी संस्थेत अंगठा लावायचं यंत्र आलं. सकाळी अंगठा, संध्याकाळी अंगठा. रविवारी लावला तर यंत्र 'आज सुट्टी आहे' म्हणतं आणि गप्प बसतं. मावशी सुरुवातीला चार-पाच रविवार लावत राहिल्या, मग सोडून दिलं. फाटकावरचा जुना रखवालदार ओळखीचा होता, तो "या" म्हणायचा आणि दार उघडायचा. झालं. कागदावर बघाल तर तीन वर्षांत एकाही सुट्टीला खोली नंबर बारामध्ये माणूस फिरकलेला नाही.

मग आमच्या प्रशासन अधिकाऱ्यांना वीज वाचवायची हुक्की आली. त्यांना आम्ही कलमबहाद्दर म्हणतो. त्यांनी एक समिती नेमली. समितीने काय करावं? खोल्या बघाव्यात? दारं उघडून आत कोण आहे, काय आहे, ते पाहावं? छे! समितीने अंगठ्याच्या यंत्रातून याद्या काढल्या. सुट्टीच्या दिवशी जिथे शून्य हजेरी, त्या खोल्यांची वीज सुट्टीत मेन स्विचवरून बंद. अकरा खोल्यांची यादी झाली. बारा नंबरची खोली यादीत सातवी होती. शिवाय सुट्टीत लेखी परवानगीशिवाय कुणालाही आत सोडायचं नाही. अंमलबजावणी मे महिन्यातल्या पहिल्या जोडसुट्टीपासून.

हे परिपत्रक मी टाइप केलं. यादी माझ्या बोटांखालून गेली. सात नंबरवर 'खोली क्र. १२' असं मी स्वतः टाइप केलं, स्वल्पविराम तपासला, समास सारखा केला, प्रिंट काढली आणि पुढच्या इमारतीतल्या फलकावर नेऊन लावली. मागच्या इमारतीत फलकच नाही. मावशींना सांगावं असं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. चौदा वर्षं मी त्या बाईंच्या खोलीत चहा पीत होतो.

जोडसुट्टी चार दिवसांची होती. पहिल्या दिवशी सकाळी सात वाजता मावशी फाटकावर पोचल्या. महिन्याभरापूर्वी ठेका बदलला होता आणि रखवालदार नवा होता. त्याच्या हातात कागद होता.

"चिठ्ठी आहे का?"

"कसली चिठ्ठी? बारा नंबरला जायचंय. अळ्यांना खायला घालायचंय."

"बाई, कागदावर बारा नंबर बंद लिहिलंय. लाइट पण बंद आहे तिकडचा."

लाइट बंद म्हणजे काय, ते मावशींना लगेच कळलं. बारा नंबरची खोली थंड ठेवायला यंत्र चोवीस तास चालतं. बंद खोली, खिडकी नाही, बाहेर मे महिना. त्यांनी कलमबहाद्दरांना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. संचालक परिषदेला परगावी, त्यांचाही बंद. मग दुपारी त्यांनी मला लावला.

मी मेव्हण्याकडे होतो. जेवणं झाली होती आणि पत्ते मांडले होते.

"लेखक, त्यांनी माझी लाइट कापलीय. मला आत सोडत नाहीत. कुणाला तरी सांगा हो."

"मावशी, आज कोण भेटणार? सुट्टी आहे. चार दिवसांनी उघडेलच की."

"चार दिवसांनी काय उघडायचंय? उद्या संध्याकाळपर्यंत एक उरायची नाही."

"बरं, बघतो मी."

मी काही बघितलं नाही. कलमबहाद्दरांचं घर मेव्हण्याच्या घरापासून पायी दहा मिनिटांवर. मी पत्ते उचलले. दुसऱ्या दिवशी त्यांचा पुन्हा फोन आला, तो मी वाजू दिला. आपल्याला काही करता येण्यासारखं नाही अशी मी माझी समजूत घातली होती, आणि फोन घेतला असता तर ती समजूत मोडली असती.

दुसऱ्या दिवशी यजमान बरोबर गेले. रखवालदाराला म्हणाले, "अरे दादा, मी पंखेवाला आहे. मला फक्त स्विचपर्यंत ने, बटण दाबतो आणि परत येतो. पाहिजे तर हिला इथे ओलीस ठेव." रखवालदार हसला, पण सोडलं नाही. त्याला तरी काय बोलायचं, त्याची नोकरी महिनाभराची. तिसऱ्या दिवशीही मावशी गेल्या आणि फाटकासमोरच्या बाकावर दुपारी एकपर्यंत बसून राहिल्या. चौथ्या दिवशी गेल्या नाहीत.

पाचव्या दिवशी खोली उघडली. भिंतीवरच्या तापमापकात कमाल आकडा अडकून राहतो, तो चव्वेचाळीस होता. वास मी सांगत नाही. मला वाटलं होतं मावशी रडतील, आरडाओरडा करतील, निदान मला चार शिव्या देतील. त्यांनी ॲप्रन घातला, चिमटा घेतला आणि पहिल्या वाटीचं झाकण उघडलं. सहाशे वाट्या त्यांनी एकेक करून तपासल्या, तीन दिवस लागले. एकही अळी जिवंत नव्हती. कोषांच्या ट्रेमध्ये मात्र सात कोष बोट लावल्यावर हलले. मावशींनी ते कापसावर ठेवले. सातांतले पाच काळे पडले. दोनांतून पतंग बाहेर आले.

दोन्ही माद्या.

त्यांनी अंडीसुद्धा घातली, बिचाऱ्यांनी. कापडभर घातली. मावशी भिंग घेऊन रोज बघत होत्या. पण नराशिवायची ती अंडी पिवळी पडून खोलगट झाली आणि कापडाला तशीच चिकटून राहिली. आठव्या दिवशी दुसरी मादी मेली, तेव्हा मावशींनी पिंजरा धुतला आणि पालथा घातला.

त्याच आठवड्यात त्यांना मेमो मिळाला. सुट्टीच्या काळात कीटकांची काळजी न घेतल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये? सोबत अंगठ्याच्या यंत्राचा तक्ता जोडला होता, चारही दिवस गैरहजर! तो मेमोही माझ्याच टेबलावरून गेला, हे वेगळं सांगायला नको. मावशींनी एका ओळीचं उत्तर दिलं. 'मी फाटकावर उभी होते.' कलमबहाद्दरांनी त्यावर 'उत्तर असमाधानकारक' असा शेरा मारला. ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली आणि मी तो कागद व्यवस्थित फाइलला लावला.

संचालक परत आले. त्यांची अडचण वेगळीच होती. पुढच्या एप्रिलमध्ये बाहेरची तपासणी समिती येणार होती आणि संस्थेकडे दाखवायला कोऱ्या अळीइतकं मोलाचं दुसरं काही नव्हतं. त्यांनी दोन माणसं शेतांवर पाठवून चारशे अळ्या वेचून आणल्या. त्या वाट्यांत बसल्या. मग मावशींना बोलावलं. फोटोसाठी मीही होतो तिथे.

"मावशी, झालं ते झालं. आता लेबलं लावून टाका. तीनशे आठ."

"या कोऱ्या नाहीत, साहेब."

"दिसायला सारख्याच आहेत ना?"

"दिसायला तुम्ही आणि मी पण माणसंच आहोत."

साहेबांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. "संस्थेच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"मग लिहा ना, की मेल्या म्हणून. परदेशातल्या एखाद्या संस्थेकडे असतील कोऱ्या, त्यांच्याकडून मागवा. वर्ष लागेल, लागू दे. मी सांभाळते पुन्हा. पण आधी लिहावं तर लागेल ना, की आपल्या मेल्या?"

"असं लिहिता येत नाही, मावशी. तुम्हाला नाही कळायचं ते."

"नाही कळत," मावशी म्हणाल्या आणि चिकटपट्टीचं रीळ टेबलावर ठेवून दिलं. "तीनशे आठ मी लिहिणार नाही. तीनशे सात झाल्या, संपल्या. यांना पहिलीपासून मोजा."

दुसऱ्या दिवशी त्यांची बदली भांडारात झाली. काचेची भांडी मोजायची, फुटली किती, दिली किती. बाराची किल्ली एका संशोधक मुलीकडे गेली. ही मुलगी पीएचडीच्या चौथ्या वर्षाला, मावशींच्याच हाताखाली झाकणं उघडायला शिकलेली. तिच्या प्रबंधाची सगळी मोजमापं कोऱ्या अळीवर उभी होती. तिने नव्या अळ्यांवर औषध लावून पाहिलं, आकडे भलतेच आले. साहेबांनी ते आकडे बाजूला ठेवायला सांगितले. ती भांडारात येऊन मावशींपुढे रडली.

"मी काय करू, मावशी?"

"ते मला विचारू नकोस, बाळ. तुझी चार वर्षं आहेत. मी खोटं लिही म्हणणार नाही आणि खरं लिही असंही म्हणणार नाही. नाक पूस आणि ते चंचुपात्र नीट धर, फुटलं तर माझ्या यादीत लागतं."

त्याच सुमाराला यजमानांनी झुरळांच्या औषधाचा डबा आणला. बायकोला जरा बरं वाटेल अशी त्यांची भाबडी कल्पना. आता कशाला पाळायचं ते पथ्य! डबा बघून मावशी म्हणाल्या, "मारा की. आता कुणासाठी थांबलात?" आणि जिन्यात जाऊन बसल्या. यजमानांनी स्वयंपाकघरात फवारा मारला, अठ्ठावीस वर्षांची झुरळं पटापट उलटी पडली, आणि त्यांना काय वाटलं कोण जाणे, घरभर खिडक्या उघडून तेही जिन्यात येऊन बसले. हे त्यांनीच मला सांगितलं. "चुकलंच माझं," म्हणाले. ज्याचं काडीइतकं चुकलं नव्हतं त्या एकट्या माणसाच्या तोंडून वर्षभरात मी हा शब्द ऐकला.

मार्चमध्ये मी अहवालाला बसलो. साहेबांकडून मजकूर आला: 'संस्थेने कोऱ्या अळीचा वंश सलग अठ्ठाविसाव्या वर्षीही अखंड राखला असून सध्या त्याची तीनशे सतरावी पिढी सुरू आहे.' मी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि पान एक्केचाळीसवर लावला. ठळक अक्षरांत, कारण साहेबांना ठळक हवा होता. त्या मार्चमध्ये मावशींनी मला नेहमीचा प्रश्न विचारला नाही. मी भांडारासमोरून जायचंच बंद केलं होतं.

समिती एप्रिलमध्ये आली. तिघं जण, आणि अध्यक्ष एक पांढऱ्या केसांच्या, ठेंगण्या बाई. साहेबांनी बेत छान आखला होता. समितीला बारामध्ये न्यायचं, तिथेच मावशींना अध्यक्षबाईंच्या हस्ते 'उत्कृष्ट सेवे'चं प्रशस्तिपत्र द्यायचं. एकदा कागद हातात पडला की बाई तोंड उघडणार नाहीत, असा त्यांचा हिशेब. कलमबहाद्दर दाराशी उभे, माझ्या पायाशी अहवालाच्या साठ प्रतींचे गठ्ठे, हातात एक प्रत आणि गळ्यात कॅमेरा.

मावशींना ॲप्रन घालून आणलं. दहा महिन्यांनी त्या खोलीत आल्या. त्यांनी एक वाटी उचलली, उजेडात धरली आणि म्हणाल्या, "खाद्य जाड कापताय." मुलीने मान खाली घातली. अध्यक्षबाईंनी प्रशस्तिपत्र पुढे केलं. मावशींनी हात पुढे केला नाही.

"बाई, मला कागद नको. एक थेंब टाकून बघा."

"कसला थेंब?"

"औषधाचा. सगळ्यात पातळ जे आहे त्याचा. माझ्या अळ्या त्या थेंबाने वीस मिनिटांत आडव्या पडायच्या. या दहा घ्या, कुठल्याही घ्या."

साहेब हसले. "मावशी जरा भावुक झाल्यात. इतकी वर्षं म्हणजे..."

"भावुक नाही झाले," मावशी म्हणाल्या. "रागावलेय."

अध्यक्षबाईंनी घड्याळ बघितलं, मग साहेबांकडे, मग त्या मुलीकडे. साहेबही मुलीकडेच बघत होते, आणि त्या बघण्याचा अर्थ खोलीतल्या सगळ्यांना कळत होता. मुलीने हातमोजे घातले. कपाटातून शेवटची बाटली काढली, बारीक सुई भरली. तिने मोजून दहा अळ्यांच्या पाठीवर दहा थेंब ठेवले.

चहा आला, तसाच राहिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. साहेबांनी नव्या इमारतीचा विषय काढला, तो कुणी उचलला नाही. वीस मिनिटांनी अध्यक्षबाईंनी भिंग घेतलं आणि एकेका वाटीवरून फिरवलं. नऊ अळ्या खात होत्या. दहावी वाटीच्या कडेने वर चढत होती.

"या जिवंत आहेत," त्या म्हणाल्या.

"आहेत ना. त्यांचा काही दोष नाही," मावशी म्हणाल्या. "पण या कोऱ्या नाहीत. कोऱ्या गेल्या मे महिन्यात मेल्या." आणि तेव्हा कुठे, अकरा महिन्यांनी, सगळ्यांसमोर, मावशी रडल्या.

अध्यक्षबाईंनी माझ्या हातून अहवाल घेतला, पान एक्केचाळीस काढलं आणि साहेबांसमोर धरलं. साहेबांनी ते असं वाचलं, जसं काही पहिल्यांदाच बघत आहेत. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "छपाईत चूक झालेली दिसते."

"मग दुरुस्त करून द्या," अध्यक्षबाई म्हणाल्या. "सगळ्या प्रती. आत्ता. तोपर्यंत आम्ही पुढे जात नाही."

मी मावशींच्या स्टुलावर बसलो. पेन काढलं, ठळक ओळीवर आडवी रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'मे महिन्यात वंशातील सर्व कीटक मृत आढळले.' मावशी मागे उभ्या राहून वाचत होत्या.

"आढळले? काय हरवले होते का, लेखक? लाइट कापली म्हणून मेले. ते लिहा."

मी लिहिलं. संस्थेच्या परिपत्रकानुसार सुट्टीत खोलीची वीज बंद केल्यामुळे. सांभाळणाऱ्या बाई तीन दिवस फाटकावर हजर असूनही त्यांना आत सोडलं नाही.

"आणि फोन?"

साहेबांनी मान दुसरीकडे वळवली. कलमबहाद्दर दारातून कधी निघून गेले होते ते कुणालाच कळलं नाही. मी मावशींकडे बघायचा प्रयत्न केला, पण मान वर होईना.

"लिहा," मावशी म्हणाल्या.

'पहिल्याच दिवशी त्यांनी फोन करून कळवले होते. ज्याने फोन घेतला त्याने काहीही केले नाही. फोन मी घेतला होता. परिपत्रकही मीच टाइप केले होते.' खाली मी सही केली.

अशा साठ प्रती होत्या. शेवटची होईपर्यंत मावशी तिथून हलल्या नाहीत, आणि दर प्रतीत शेवटची चार वाक्यं वाचूनच त्या पुढची प्रत माझ्यासमोर सरकवत होत्या.